रुग्णशय्या आणि प्रयोगशाळा

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा अध्यक्षांनी आताच घेतला. त्यात मी भर घालत नाही. आज मला एकाच विषयावर बोलायचे आहे. मराठी विषयाची एम. ए. असलेली मुख्याध्यापिका वैद्यकीय संशोधनावर का बोलते आहे, असे आपल्याला वाटले तर ते स्वाभाविकच आहे. पण गेली काही वर्षे हा विषय माझ्या दारी स्वतः चालत येतो आहे, आणि तो माझ्या विद्यार्थ्यांनी आणला आहे.

पाचवीच्या वर्गात ‘मी मोठेपणी’ हा निबंध घातला की डॉक्टर होऊ इच्छिणारी मुले हमखास एक वाक्य लिहितात: मी अमुक रोगावर औषध शोधून काढीन. कोणाच्या आजीला मधुमेह असतो, कोणाच्या मामाला कर्करोग झालेला असतो. हीच मुले दहावीत आली की त्यांचे वाक्य बदलते. मग ती म्हणतात, मी नीटची तयारी करणार. पाच वर्षांत ‘शोधीन’ हे क्रियापद गळून पडलेले असते आणि त्या जागी एका परीक्षेचे नाव आलेले असते. मुलांना मी दोष देत नाही. रोगी बरे करणारा तो डॉक्टर आणि शोध लावणारा तो शास्त्रज्ञ, अशी वाटणी आपणच घरात आणि शाळेत करून ठेवली आहे. सकाळी वॉर्डात आणि दुपारी प्रयोगशाळेत काम करणारा माणूस आपल्या मुलांनी पाहिलेलाच नसतो. अशा माणसाला मराठीत अजून रुळलेला शब्दही नाही. मी आपली ‘वैद्यसंशोधक’ म्हणते.

वास्तविक आपल्या या हैदराबाद–सिकंदराबादेला तर असा माणूस परका असू नये. बेगमपेटेतील ती जुनी वास्तू आपल्यापैकी बहुतेकांनी येता-जाता पाहिली आहे. २० ऑगस्ट १८९७ या दिवशी रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरला डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे जंतू दिसले ते येथे. ऑगस्टचा उकाडा होता, घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते, आणि पंखा चालवावा तर कापलेले डास उडून जात. हुसेन खान नावाच्या रुग्णाने डास चावून घ्यावेत म्हणून रॉस त्याला दर डासामागे एक आणा देत असे. हे सारे पाठ्यपुस्तकात रंजक गोष्ट म्हणून येते. पण त्यामागचे दोन तपशील पालकांनी लक्षात घ्यावेत. पहिला असा की, रॉस काही उपजत संशोधक नव्हता. नोकरीच्या सातव्या-आठव्या वर्षी रजा घेऊन तो इंग्लंडला गेला आणि जंतुशास्त्राचा अभ्यासक्रम शिकून आला. पुढे १८९४ मध्ये पॅट्रिक मॅन्सन या ज्येष्ठ डॉक्टराने त्याला रक्तातील हिवतापाचे जंतू प्रत्यक्ष दाखवले, तोवर ते त्याला नीट ओळखताही येत नव्हते. दुसरा तपशील असा की, शोध लागल्यावर महिनाभरातच त्याच्या हाती बदलीचा हुकूम पडला, आणि त्याला जेथे पाठवले त्या राजपुतान्यातील खेरवाड्यात हिवतापाचे काम पुढे नेणे कठीण होते. उरलेले काम त्याने १८९८ मध्ये कलकत्त्यात पक्ष्यांवर पूर्ण केले. शिकवणारा गुरू आणि सलग मिळणारा वेळ या दोन गोष्टींवर वैद्यसंशोधक कसा उभा राहतो आणि कसा अडतो, हे सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या गावातच दिसून गेले आहे.

परंतु मला खरे सांगायचे आहे ते दुसऱ्या एका डॉक्टरविषयी. त्यांचे नाव येथे किती जणांनी ऐकले असेल, याविषयी मला शंका आहे. शंभूनाथ डे. १९१५ मध्ये बंगालच्या हुगळी जिल्ह्यातील एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. कलकत्ता मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. पुढे लंडनला रॉय कॅमेरून यांच्या हाताखाली विकृतिशास्त्रात पीएच. डी. करून १९४९ मध्ये ते परतले. म्हणजे आधी रुग्ण पाहिलेले, मग प्रयोगशाळेत घडलेले, आणि मग पुन्हा जेथे रुग्ण आहेत तेथे आलेले. त्या काळी कलकत्त्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ दरवर्षीची होती. पटकीत माणूस काही तासांत चिपाडासारखा वाळतो. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात, डोळे खोल जातात, आणि रक्तातले पाणी संपून मृत्यू येतो.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये याच कलकत्त्यात या रोगाचा जंतू वेगळा काढला होता. जंतू काही विष सोडत असावा, असा तर्कही त्यांनी केला होता. त्यानंतर पाऊण शतक ते विष कोणालाही सिद्ध करता आले नाही. प्रयोग तर पुष्कळ झाले. जंतू किंवा त्यांचा अर्क प्राण्यांच्या शिरेत टोचला जाई, पोटाच्या पोकळीत टोचला जाई, प्राणी मरतही, पण मरणाऱ्या माणसात जे दिसते ते त्यांच्यात दिसत नसे. डे यांनी काय केले? सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा शरीरातच दोन्ही बाजूंनी बांधला आणि त्या बंद नळीत जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाण्याने टम्म फुगलेला होता. ते पाणी वॉर्डात रोज दिसणाऱ्या पाण्यासारखेच होते. ही गोष्ट १९५३ ची. पुढे १९५९ मध्ये त्यांनी जंतू वाढवलेला द्रव गाळून घेतला, त्यात एकही जंतू उरलेला नाही याची खात्री केली, आणि तो नुसता द्रव आतड्यात सोडला. आतडे तसेच फुगले. जंतू नसतानाही रोगाची खूण उमटली होती; म्हणजे करणी विषाची होती. हा निबंध ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

आता यातील मर्म पाहा. रोग आतड्यात असेल तर प्रयोगही आतड्यात केला पाहिजे, ही कल्पना ऐकल्यावर अगदी साधी वाटते. पण दीर्घकाळ ती फारशी कोणी अमलात आणली नाही. पटकीचा रुग्ण जवळून पाहिलेल्या माणसाला ती सुचली, आणि प्रयोगशाळेतली शिस्त अंगी असल्यामुळे त्याला ती पडताळता आली. नुसता वॉर्डातला डॉक्टर असता तर ती त्याच्या मनातच राहिली असती. नुसता प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ असता तर त्याने शिरेतच सुई टोचली असती. असे म्हणण्यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण फार नाही.

या शोधाचे पुढे काय झाले, तेही सांगते. पटकीचे विष आतड्याच्या पेशींना मारत नाही. ते त्यांना सतत पाणी बाहेर टाकायला लावते. पेशी जिवंत असतात, आणि साखर व मीठ एकत्र मिळाले की ते शोषून घेण्याची त्यांची वाट मोकळी असते. ढाका आणि कलकत्ता येथील डॉक्टरांनी या वाटेचा उपयोग करून तोंडावाटे देण्याचे मीठ-साखरेचे पाणी सिद्ध केले. १९७१ च्या युद्धात बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली तेव्हा दिलीप महालनोबीस या बालरोगतज्ज्ञाकडे शिरेतून देण्याच्या सलाइनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. त्यांनी पिंपांत ग्लुकोज, मीठ आणि सोडा कालवून ते पाणी रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. ज्या छावण्यांत शंभरांतील तीस माणसे मरत होती तेथे हे प्रमाण चारच्या खाली आले. ओआरएसची जी पुडी आज आपल्या प्रत्येकाच्या घरात असते, तिची वंशावळ ही अशी आहे. महालनोबीस यांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. डे १९८५ मध्ये गेले. हयातीत त्यांना देशात मोठा सन्मान लाभला नाही. पाहुण्यांच्या सत्कारासाठी शाली आणणारी माणसे आपण. डे यांची शाल मात्र कुठे राहिली कोण जाणे!

असा माणूस घडवायचा तर काय करावे लागते? हा प्रश्न मी माझ्या परीने पुष्कळ घोळवला आहे. माझ्या समजुतीप्रमाणे खरी अडचण बुद्धीची नाही. अडचण अशी की, या दोन कामांना दोन वेगळे स्वभाव लागतात. वॉर्डातल्या डॉक्टरला रात्री दोन वाजता अर्ध्या माहितीवर निर्णय घ्यावा लागतो. तो थांबला तर रोगी थांबत नाही. तेथे संशय फार वाढवून चालत नाही. प्रयोगशाळेत नेमके उलटे. तेथे निर्णयाची घाई हाच दोष. हाती आलेल्या निकालावर स्वतःच शंका घ्यायची, तो पुन्हा काढायचा, ज्यात काही घातले नाही अशी नळी बाजूला ठेवून तिच्याशी ताडून पाहायचे, आणि एवढे करून ‘असे दिसते’ एवढेच म्हणायचे. भाषेची शिक्षिका म्हणून मला यात एक गंमत दिसते. ‘आढळले’, ‘असावे’ आणि ‘आहे’ ही मराठीतली तीन क्रियापदे म्हणजे ज्ञानाच्या तीन पायऱ्या. प्रयोगशाळा माणसाला ‘आढळले’वर थांबायला शिकवते. वॉर्ड त्याला ‘असावे’ एवढ्यावर कृती करायला लावतो. एकाच माणसाने सकाळी एक आणि दुपारी दुसरे पाळायचे, हे तारुण्यातच अंगवळणी पडावे लागते. चाळिशीनंतर ते फारसे कोणाला साधत नाही.

अमेरिकेने हे ओळखून १९६४ मध्ये डॉक्टरकी आणि पीएच. डी. एकत्र देणारा अभ्यासक्रम सरकारी खर्चाने सुरू केला. आरंभी तो तीनच वैद्यकीय महाविद्यालयांत होता. साधारण आठ वर्षे विद्यार्थी दोन्हीकडे राहतो. त्याआधीपासून बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रुग्णालय आणि प्रयोगशाळा एकाच इमारतीत बांधलेल्या होत्या. तेथे १९६८ च्या सुमारास मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन हे दोन तरुण डॉक्टर आले. वॉर्डात त्यांनी सहा आणि आठ वर्षांची दोन भावंडे पाहिली. रक्तातल्या अतिरिक्त कोलेस्टेरॉलने त्या वयात त्यांना हृदयविकार झाला होता. ‘का?’ हा प्रश्न घेऊन ते दोघे पुढे डॅलसला गेले, अशा रुग्णांच्या त्वचेच्या पेशी बशीत वाढवल्या, आणि रक्तातले कोलेस्टेरॉल पेशीत ओढून घेणारा जो दरवाजा त्या रुग्णांत नव्हता तो त्यांनी शोधून काढला. १९८५ चे नोबेल त्यांना मिळाले. आज आपल्यापैकी ज्यांच्या औषधांच्या डबीत कोलेस्टेरॉलची गोळी आहे, त्यांना ती गोळी नेमके काय करते हे सांगता येते ते या दोघांमुळे.

तरीही असे डॉक्टर तेथेही कमीच होत गेले. १९७९ मध्येच जेम्स विन्गार्डन या ज्येष्ठ वैद्यकतज्ज्ञाने त्यांना नष्ट होत चाललेली प्रजाती म्हटले होते. आजही अमेरिकेतील शंभर डॉक्टरांत संशोधन करणारे एक-दोनच आहेत. पैसा आणि सोय असलेल्या देशात ही स्थिती आहे, हे लक्षात ठेवून मग आपल्याकडे पाहावे.

आपल्याकडचे आकडे पालकांनी ऐकायलाच हवेत. समीरन नंदी हे दिल्लीचे प्रख्यात शल्यविशारद. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २००५ ते २०१४ या दहा वर्षांत भारतातील ५७९ वैद्यकीय संस्थांनी किती संशोधन प्रसिद्ध केले ते मोजले. वर्षाला शंभरांहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था होत्या अवघ्या २५, आणि देशातील एकूण संशोधनातील सुमारे चाळीस टक्के वाटा त्यांचाच होता. ३३२ संस्थांच्या नावावर दहा वर्षांत एकही निबंध नव्हता. एकही नाही! म्हणजे आपण ज्या महाविद्यालयातील जागेसाठी मुलांची दोन वर्षे शिकवणीच्या वर्गांत घालवतो, त्यांपैकी निम्म्याहून अधिक महाविद्यालयांत नवे काही शोधले जाताना मुलाच्या दृष्टीसही पडण्याची शक्यता नाही. याला उपाय म्हणून बढतीसाठी निबंध सक्तीचे केले, तर निबंधांची संख्या तेवढी वाढते. सक्तीने लिहिलेल्या निबंधांचे काय होते, हे मराठीच्या शिक्षिकेला कोणी सांगायला नको.

काही वर्षांपूर्वी आपल्याच शाळेची एक माजी विद्यार्थिनी आईबरोबर माझ्या घरी आली. तिचे नाव मी सांगत नाही. तिची आई या सभागृहात असेलही. ती नुकतीच एम. डी. झाली होती. आईने चहाचा कप खाली ठेवायच्या आतच विषय काढला: “बाई, तुम्हीच समजवा हिला. अठ्ठावीस सरली. बरोबरीच्या मुलींनी दवाखाने थाटले. आणि ही म्हणते, मला पीएच. डी. करायची. माणसं बरी करायला डॉक्टर केली हिला, उंदीर कापायला नव्हे.”

मुलगी शांतपणे ऐकत होती. मी तिला विचारले, तुला नेमके काय शोधायचे आहे? तिने जे सांगितले ते माझ्या अजून लक्षात आहे. क्षयरोगाच्या गोळ्यांनी काही रुग्णांना कावीळ होते. ती दिसली की गोळ्या बंद करायच्या, यकृत सावरले की एकेक करून पुन्हा सुरू करायच्या, हे तिला उत्तम शिकवले गेले होते. त्यांतल्या एका औषधाचा निचरा काहींच्या शरीरात जन्मतःच सावकाश होतो, हे कारणही तिला ठाऊक होते. “पण बाई,” ती म्हणाली, “तेवढ्यानं सगळ्यांचा उलगडा होत नाही. दोन शेजारशेजारच्या खाटा होत्या. दोघी बायका, एकाच वयाच्या, त्याच गोळ्या. एक पिवळी पडली, दुसरी खडखडीत घरी गेली. मी विचारलं तर सगळे म्हणाले, होतं कधीकधी. हे ‘कधीकधी’ म्हणजे काय, ते मला बघायचंय.”

तिच्या एम. डी.च्या प्रबंधाविषयीही तिने सांगितले. विषय तिला आयता मिळाला होता, आकडेवारी रात्रपाळीत गोळा केली होती, आणि महाविद्यालयाच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रबंध ‘तयार करून’ मिळत होते. तिने तो स्वतः लिहिला, म्हणून बरोबरीची मुले तिला हसली होती. तीन वर्षांच्या निवासी डॉक्टरकीत प्रयोगशाळेत हाताने काही करण्याची संधी तिला एकदाही मिळाली नव्हती.

मी उपदेश केला नाही. कागद-पेन्सिल घेऊन तिघींनी हिशेब मांडला. बारावीला अठरा. साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेत एखादे वर्ष जाते. तीन वर्षे एम. डी. वर पीएच. डी.ची चार-पाच वर्षे धरली तर वय येते तेहतीस. त्या काळात कनिष्ठ संशोधक म्हणून मिळणारी पाठ्यवृत्ती. २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडे अशी आहे, तेव्हा ती याहून कमी होती. तिच्या बरोबरीच्या डॉक्टरला खाजगी रुग्णालयात मिळणारा पगार आईला तोंडपाठ होता. त्याने तो कागदावर लिहिलाही. फरक लहान नव्हता, आणि शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू व्हायचे होते. ‘पैशाकडे काय पाहायचे’ असे मी म्हणाले नाही. पैशाकडे पाहावेच लागते. ज्या देशात हुशार मुलांना संशोधनासाठी घरच्यांच्या त्यागावर विसंबावे लागते, त्या देशात संशोधन फक्त सुखवस्तू घरांतली मुले करतील, आणि शेजारशेजारच्या दोन खाटांवरच्या बायकांकडे त्यांचे लक्ष जाईलच असे नाही.

तिच्या आईने शेवटी विचारले, “पाच वर्षांनी उत्तर नाही सापडलं तर?” मुलगी म्हणाली, “नाही सापडणार असंही होईल.” त्या उत्तराने आईचे समाधान झाले नाही, माझे मात्र झाले. ती मुलगी आज पीएच. डी.च्या चौथ्या वर्षात आहे आणि आठवड्यातून दोन दिवस बाह्यरुग्ण विभागात बसते. पहिले वर्ष हात बसण्यातच गेले. बशीत वाढवलेल्या यकृताच्या पेशींना बुरशी लागायची आणि सहा आठवड्यांचे काम एका सकाळी फेकून द्यावे लागायचे. उत्तर अजून मिळालेले नाही. तिची आई मला सणावाराला फोन करते आणि प्रत्येक वेळी विचारते, अजून किती?

या ‘अजून किती’ला मजजवळ एक उत्तर आहे, आणि ते आपल्याच शहरातले आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत महाराज किशन भान नावाचे बालरोगतज्ज्ञ काम करीत होते. रोटा विषाणूमुळे मुलांना भयंकर जुलाब होतात. परंतु नवजात अर्भकांत हा विषाणू सापडूनही काहींना काहीच होत नाही, असे त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. ही बाळे बरी आहेत म्हणून त्यांना सोडून देणे कोणत्याही कामसू डॉक्टरला शक्य होते. यांनी तो सौम्य विषाणू जपून ठेवला, कारण त्यातून लस होऊ शकेल असे त्यांना वाटले. त्याची लस तयार झाली ती आपल्या हैदराबादेत, भारत बायोटेकमध्ये. दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळचे वढू येथे सहा हजारांहून अधिक बाळांवर तिची चाचणी झाली, आणि २०१६ मध्ये ती सरकारी लसीकरणात आली. मध्ये तीस वर्षे गेली. वेल्लोरची बाजू सांभाळणाऱ्या गगनदीप कांग याही आधी डॉक्टर, मग सूक्ष्मजीवशास्त्रात एम. डी., मग पीएच. डी. २०१९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. शाळेतील बालवाडीच्या मुलांच्या लसीकरणाच्या कार्डावर ‘रोटा’ असा रकाना असतो. तो भरताना मला ही तीस वर्षे आठवतात.

वाटा अगदीच बंद आहेत असे मात्र पालकांनी समजू नये. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद १९७९ पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांची संशोधनवृत्ती देते. मुलाने स्वतः प्रश्न मांडायचा, मार्गदर्शक शोधायचा, काम करून अहवाल लिहायचा. रक्कम मोठी नसते, पण प्रश्न स्वतःचा असतो, हे माझ्या दृष्टीने फार मोलाचे. वेलकम ट्रस्ट आणि केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी मिळून २००८ मध्ये स्थापलेली इंडिया अलायन्स ही संस्था संशोधन करणाऱ्या डॉक्टरांसाठी वेगळ्या पाठ्यवृत्ती ठेवते. तिचे कार्यालय आपल्याच शहरात आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०२२ मध्ये रुग्णालयासह एम. डी.–पीएच. डी.चा जोड अभ्यासक्रम आखल्याचे जाहीर केले. या वाटा अरुंद आहेत. पण त्या आहेत हेच बहुतेक घरांत ठाऊक नसते, आणि मूल दुसऱ्या वर्षाला असताना ठाऊक नसेल तर एम. डी. झाल्यावर कळून उशीर झालेला असतो.

प्रत्येक डॉक्टराने संशोधक व्हावे असे माझे म्हणणे मुळीच नाही. गावातल्या दवाखान्यात तीस वर्षे इमानाने रुग्ण तपासणारे आपले माजी विद्यार्थी समोर बसले आहेत. त्यांच्या कामाला मी कोणत्याही प्रयोगशाळेपुढे उणे मानत नाही. ज्याला ‘कधीकधी’ या शब्दाने स्वस्थ बसवत नाही, त्याला घरच्यांनी आणि शाळेने बळे स्वस्थ बसवू नये, एवढेच माझे मागणे आहे. सुटीत घरी यायचे सोडून मुलगा दोन महिने एखाद्या प्रयोगशाळेत राहतो म्हणाला, तर ‘त्याचे गुण वाढणार का’ हा प्रश्न पहिला विचारू नये.

आता माजी विद्यार्थ्यांसाठी एक काम. आपल्या नोंदवहीप्रमाणे शाळेचे कितीतरी विद्यार्थी आज डॉक्टर आहेत, आणि काही जण या शहरातल्या व बाहेरच्या संशोधनसंस्थांत आहेत. पुढील सत्रापासून नववी आणि दहावीच्या मुलांसाठी महिन्यातला एक शनिवार आम्ही मोकळा ठेवतो आहोत. व्याख्यान नको. मुलांना व्याख्याने भरपूर मिळतात, मीच देते. आपण त्या दिवशी सकाळी पाहिलेला आणि आपल्यालाही न सुटलेला एक प्रश्न घेऊन यावे, आणि तो सोडवायचा तर पहिला प्रयोग कोणता करावा लागेल, हे मुलांबरोबर फळ्यावर मांडावे. मराठीतून मांडावे, अडेल तेथे इंग्रजी शब्द वापरायला हरकत नाही, आमची मुले त्याने बिथरत नाहीत. शाळेचे तीन सूक्ष्मदर्शक दुरुस्त करून घेतले आहेत. चौथ्याची भिंग बदलायची राहिली आहेत, त्याचा खर्च एखाद्या तुकडीने उचलला तर कार्यकारिणी आभारी राहील.

ग्रंथालयाच्या दारापाशी टेबलावर वही ठेवली आहे. नाव, तुकडीचे वर्ष, दूरध्वनी आणि कोणता शनिवार जमेल, एवढेच लिहायचे आहे. जेवणाची पाने वाढायला अजून वीस मिनिटे आहेत. नावे आताच लिहावीत ही विनंती. जेवणानंतर या शाळेत कोणी थांबत नाही, हा साठ वर्षांचा अनुभव आहे.